डिस्कस पाळायचाय? टँकच्या आधी ड्रम घ्या

डिस्कस म्हणजे थाळीसारखा गोल, चपटा शोभेचा मासा. तो घ्यायचं डोक्यात आलं की माणूस पहिल्यांदा टँक बघायला जातंय, मग लाईट, मग मागं लावायचं पोस्टर, मग मासे, आणि सगळं घरी आल्यावर शेवटी विचारतंय की पाणी किती दिवसांनी बदलायचं. हे सगळं उलटं करा. कोल्हापुरात डिस्कस ठेवायचा असेल तर पहिली खरेदी म्हणजे २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, झाकणवाला, आणि त्याच्यात आधी केमिकल भरलेलं नव्हतं याची खात्री करून घेतलेला. तो ड्रम टँकच्या जवळ, निदान त्याच मजल्यावर ठेवायला जागा आहे का बघा. नसेल तर गप्पी पाळा, गप्पी पण लई देखणे असतात आणि त्यात काय कमीपणा नाही.

ड्रमचं एवढं का लावून धरलंय ते सांगतो. डिस्कसला पाणी सारखं बदलावं लागतं, वाढत्या वयातल्या माशांना तर रोज किंवा दिवसाआड ४०-५० टक्के. आपल्याकडं नळाला पाणी ठरलेल्या वेळी येतं, कुठल्या पेठेत पहाटे, कुठल्या कॉलनीत संध्याकाळी, आणि मधेच कुठंतरी गळती काढायची म्हणून एखादा दिवस येतच नाही. आलेलं पाणी तसंच पाइप लावून टँकमध्ये सोडलं तर तीन भानगडी होतात. एक म्हणजे क्लोरीन, तो माशाच्या कल्ल्यांना जाळतो आणि फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया पण मारतो. दुसरं तापमान, डिसेंबर-जानेवारीत नळाचं पाणी हाताला बर्फासारखं लागतं आणि डिस्कस २८-३० डिग्रीत बसलेला असतो. तिसरं लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे पाण्यातले विरघळलेले वायू, पाइपातून ताजं आलेल्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) काहीतरी असतो आणि तेच पाणी रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन पीएच वेगळाच दिसतो. हे सगळं ड्रममध्ये होऊन जाऊ दे, माशाच्या अंगावर कशाला.

तर ड्रममध्ये एक एअर स्टोन कायम चालू, थंडीत एक हिटर, आणि पाणी भरल्यावर २४ तास थांबायचं. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त मारत असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापानं टाका, अंदाजानं नको. हिटर ड्रमच्या प्लास्टिकला टेकू देऊ नका, दोरीनं मधोमध टांगा, आणि पाणी उपसायच्या आधी बटण बंद करून दहा मिनिटं थांबा, नाहीतर काच तडकते. उपसायला एक छोटा सबमर्सिबल पंप आणि दहा-पंधरा फूट पाइप घेतला की बादल्या उचलायचं काम संपलं. पाठीचा विचार करा भावांनो, १०० लिटर म्हणजे १०० किलो, रोज बादलीनं कोण करणार, आठ दिवस करतंय आणि मग कंटाळा, आणि कंटाळा आला की मासे काळे पडायला लागले म्हणून समजा.

टँकमधून काढलेलं पाणी गटारात घालवू नका. त्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खतच. गच्चीवर कुंड्या असतील तर आई नाहीतर आज्जी खूश, आणि पाण्याची नासाडी म्हणून घरात जी बोलणी खावी लागतात ती पण कमी होतात. मीठ किंवा औषध घातलेलं पाणी मात्र कुंडीत नाही.

पाणी कुठलं

घरात कॉर्पोरेशनचं आणि बोअरचं अशी दोन्ही पाणी असतील तर आधी दोन्ही मोजा. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा, स्वस्तात मिळतो, पीएचसाठी थेंबांचं किट घ्या, कागदी पट्ट्या नकोत. आपलं नळाचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, भोगावती-पंचगंगेचं नाहीतर थेट पाइपलाइनचं काळम्मावाडी धरणाचं, सहसा मऊपणाकडं झुकणारं. बोअरचं पाणी बेसाल्टच्या खडकातून येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरलेलं असतं, मीटरवर ५००-७०० आकडा दिसला तर दचकू नका. बादलीला पांढरा थर धरतो ना, तेच ते. डिस्कससाठी नळाचं पाणी वापरा, आणि बोअरशिवाय इलाजच नसेल तर आरओचं पाणी त्यात मिसळून टीडीएस २०० च्या आसपास आणा. नुसतं शुद्ध आरओचं पाणी रोजच्या टँकला घालू नका, त्यात पीएच धरून ठेवायला काहीच नसतं, एखाद्या रात्रीत धाडकन खाली येतो.

आता पीएचचं खूळ. डिस्कस मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, सिंफिसोडॉन त्याचं शास्त्रीय नाव, आणि १८४० साली हेकेल नावाच्या शास्त्रज्ञानं पहिल्यांदा त्याचं वर्णन लिहिलं. रिओ निग्रोसारख्या नद्यांचं पाणी काळ्या चहाच्या रंगाचं, कुजलेल्या पाल्यामुळं आम्लधर्मी, पीएच ५ किंवा त्याच्याही खाली आणि क्षार जवळजवळ नाहीतच. हे वाचून लोक घरात पीएच ६ करायच्या मागं लागतात, ॲसिडच्या बाटल्या आणतात, आज ६, उद्या ७.२, परवा परत ६. मासा त्यानंच मरतो. दुकानात मिळणारे जवळजवळ सगळे डिस्कस पिढ्यानपिढ्या टँकमध्ये वाढलेले, थायलंड-मलेशियाकडं तयार झालेल्या जातींचे किंवा आपल्याकडंच पैदास केलेले, त्यांना ६.५ ते ७.५ मधलं कुठलंही पाणी चालतं, फक्त ते रोज तेच पाहिजे. तुमच्या नळाला ७.४ आहे? मग ७.४ वर पाळा आणि झोपा निवांत.

रंकाळ्याचं, विहिरीचं, नदीचं पाणी आणून 'नैसर्गिक' म्हणून घालायचा उद्योग कुणी करू नका. त्यातनं काय काय येईल सांगता येत नाही.

टँक

पाच-सहा माशांना चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक लागतो. काठोकाठ भरला तर २५० लिटरच्या वर जातो आणि काच-स्टँड धरून वजन तीनशे किलोच्या पुढं, तेव्हा जुन्या घरात माडीवर लाकडी तख्तपोशी असेल तर तिथं अजिबात नको, खाली ठेवा, नाहीतर भिंतीलगत तुळईवर वजन येईल असं एखाद्या जाणत्या गवंड्याला दाखवून ठेवा. स्टँडवर थर्माकोलची शीट घालूनच टँक ठेवायचा. जागा अशी बघा जिथं सारखी माणसांची धावपळ नाही, दार आपटत नाही, थेट ऊन येत नाही.

खाली काय घालायचं? काहीच नाही. पहिलं वर्षभर तरी नुसती काच. रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, किल्ला, ते सगळं दुसऱ्या माशांना. खड्यांत खाणं अडकतं, सडतं, आणि २९ डिग्रीत सडायला वेळ लागत नाही. नुसती काच बघायला बोडकी वाटते हे खरं, पाहुणे विचारतात "अजून काम बाकी आहे का?" म्हणून, विचारू देत. मागची आणि खालची काच बाहेरून फिकट निळ्या रंगानं रंगवा. काळं पोस्टर लावलं तर पिजन ब्लड जातीच्या माशांवर काळे ठिपके वाढतात, मिरपूड उधळल्यासारखे, आणि नंतर लोक विचारतात की रोग झालाय का.

फिल्टरसाठी दोन मोठे स्पंज फिल्टर, दोन वेगळ्या एअर पंपांवर, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालू. ऐपत असेल तर जोडीला कॅनिस्टर, म्हणजे टँकच्या बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर. प्रवाह जोराचा नको, डिस्कस चपटा असतो, त्याला सतत प्रवाहाशी झुंजायला लावलं तर तो कोपऱ्यात जाऊन बसतो.

हिटर ३०० वॅटचा एक घेण्यापेक्षा १५० चे दोन घ्या. एक अडकून चालूच राहिला तरी लगेच रस्सा होत नाही आणि एक बंद पडला तरी लगेच गारठत नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो, २५० लिटर पाणी एक डिग्री तापवायला ३०० वॅटला जवळजवळ एक तास लागतो, म्हणजे रात्रीत पाणी २९ वरून २४ वर आलं तर परत वर न्यायला पाच तास तरी गेले. आणि थंडीत दिवसातले १२ तास हिटर चालला तर ३.६ युनिट, हे बिल कोण भरणार ते घरात आधीच बोलून घ्या. हिटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, वेगळा थर्मामीटर पाहिजेच. वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. अर्थिंग तपासून घ्या, आणि हात पाण्यात घालताना हिटर बंद.

मासे आणायच्या आधी टँक सायकल झाला पाहिजे. माशाची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, एक जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. हे बॅक्टेरिया स्पंजमध्ये वस्तीला यायला नव्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे लागतात. कुणा ओळखीच्याचा, ज्याच्या टँकमध्ये रोगराई नाही अशाचा, चालू स्पंज मिळाला तर काम निम्म्यावर येतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या खाली, किटवर हे आकडे आठवडाभर टिकले की मगच मासे. आणि हे लक्षात असू दे की पीएच ७ वरून ८ ला गेला तर विषारी रूपातला अमोनिया जवळजवळ दहापट होतो, गरम पाण्यात तर आणखी वाढतो, म्हणून बोअरच्या पाण्यावर डिस्कस ठेवणाऱ्याला जास्त डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

मासे निवडताना

एक-दोन आणू नका. कमीत कमी सहा, एकदम, एकाच ठिकाणाहून. डिस्कस सिक्लिड कुळातला आहे, दिसायला शांत पण आत मानपानाची लढाई कायम चालू असते, दोनच ठेवले तर एक दुसऱ्याला खाऊ देत नाही. सहा असले की मार वाटला जातो.

साईज अडीच-तीन इंच बघा. दीड इंचाची पिल्लं स्वस्त पडतात म्हणून नव्या माणसानं घेऊ नयेत, त्यांना दिवसातनं पाच वेळा खायला लागतं आणि एवढं खाऊन घाण पण तेवढीच. दुकानात गेल्यावर पहिल्यांदा डोळा बघायचा. शरीराच्या मानानं डोळा मोठा दिसत असेल तर तो मासा खुरटलेला, वयानं मोठा पण वाढ झाली नाही, त्याला नंतर सोन्याचं खायला घातलं तरी तो थाळीएवढा होत नाही. आकार गोल पाहिजे, लांबुळका नको, कपाळ खपाटीला गेलेलं नको, दोन्ही कल्ले सारखे उघडझाप करणारे पाहिजेत. दोन इंचाच्या पिल्लाला भडक मोठ्या माशासारखा रंग असेल तर संशय घ्या, हार्मोन घालून रंग चढवलेला असू शकतो आणि तो घरी आल्यावर उतरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकणाऱ्याला सांगा, "मामा, जरा खायला घालून दाखवा की." खाणं टाकल्यावर जे पुढं झेपावतात ते घ्यायचे, मागं तोंड करून कोपऱ्यात उभा आहे तो कितीही देखणा असला तरी नको. खायला घालायला जो दुकानदार तयार नाही त्याला नमस्कार करून बाहेर या.

बरेच लोक मुंबई-पुण्याहून किंवा चेन्नईकडून मागवतात. चेन्नईचं कोळत्तूर म्हणजे शोभेच्या माशांची मोठी पेठ, तिथून पार्सल येतं. एवढ्या लांबून आलेली पिशवी उघडताना एक गोष्ट पाळा. पिशवीत मासा श्वास घेऊन घेऊन कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यामुळं पीएच खाली गेलेला असतो आणि साठलेला अमोनिया त्या कमी पीएचला निरुपद्रवी रूपात पडून असतो. पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसलात तर वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवा, तापमान सारखं झालं की उघडा, आणि लगेच मासा हातानं किंवा मऊ जाळीनं काढून टँकमध्ये. पिशवीतलं पाणी टँकमध्ये अजिबात नको. लाईट त्या दिवशी बंद. पहिल्या दिवशी खायला नाही घातलं तरी चालतंय, काळे पडून एका कोपऱ्यात गोळा झाले तरी घाबरू नका, दोन-तीन दिवसांत सुटतात.

आधीचे मासे असतील तर नव्यांना वेगळ्या टँकमध्ये चार आठवडे. वेगळी जाळी, वेगळा पाइप, हात धुऊनच इकडून तिकडं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

सोबतीला कोण चालेल? कार्डिनल टेट्रा चालतात, स्टर्बाय कोरिडोरास चालतो कारण त्याला गरम पाणी सोसतं, ब्रिसलनोज पण चालतो. एंजल मासा नको, त्याच्या अंगावरचे परजीवी डिस्कसला लागतात आणि खाण्याला पण तो जास्त वेगवान. साधा मोठा प्लेको (काच चाटणारा सकर मासा) रात्री डिस्कसच्या अंगावरचा चिकट थर चाटतो. गोल्डफिशचं तर विचारूच नका, त्याला गार पाणी लागतं.

खाणं

परदेशातल्या सगळ्या माहितीत बीफ हार्ट, बीफ हार्ट असतं, म्हणजे गाय-बैलाचं हृदय. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा तो विषय सोडा, आणि त्याशिवाय मासे वाढत नाहीत असं काही नाही. कोळंबीवर डिस्कस उत्तम वाढतो. कोकणातून कोल्हापूरच्या मच्छी मार्केटात ताजी कोळंबी येते, ती अर्धा किलो सोलून, पाठीतला काळा धागा काढून, त्यात पावशेर बिनकाट्याचा पांढरा मासा, मूठभर पालक उकळत्या पाण्यातून काढून, तीन-चार लसणाच्या पाकळ्या, हे सगळं मिक्सरला भरड वाटायचं. कोंबडीची काळजं, म्हणजे हार्ट, चिकनवाल्याकडं स्वस्तात मिळतात, ती पण थोडी घालतात लोक, पण चरबी आणि शिरा पूर्ण काढून. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवून मिसळा म्हणजे पाण्यात पसरत नाही. झिपवाल्या पिशवीत पातळ थापून फ्रीजरला, लागेल तसा तुकडा मोडून घ्यायचा. मीठ-मसाला काही नाही हे सांगायला नको, पण पहिल्यांदा हे वाटताना घरातलं कोणतरी विचारतंयच, "तांबड्या रश्श्याला चाललंय का?"

मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. फ्रीजरचा कप्पा पण ठरवून घ्या, श्रावणात आणि गुरुवारी त्या पिशवीवरून वाद नको असेल तर डब्यात डबा.

जोडीला फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि चांगल्या प्रतीचं डिस्कसचं दाणेदार खाणं. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडा, गटारीच्या चिखलात वाढतो, तो घालून रोग विकत घेऊ नका. तीन इंची माशांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, मोठ्यांना दोनदा पुरे. पंधरा मिनिटांत जे संपत नाही ते पाइपनं ओढून काढायचं. संध्याकाळच्या खाण्यानंतर काच पुसून मग पाणी बदलायचं असा क्रम लावला की एकाच वेळेला सगळी घाण निघते. आणि बदलताना ड्रममधलं पाणी दीड-दोन डिग्रीच्या आत जुळतंय का बघायचं, हात घालून नाही, थर्मामीटरनं.

लाईट गेली, पूर आला, ऊन वाढलं

महावितरणचं मेंटेनन्स ठरलेल्या दिवशी असतं, पण वळवाच्या पावसात झाड पडलं की लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. अशा वेळी मासा गारठून मरायच्या आधी ऑक्सिजनअभावी मरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एअर पंप लावा, हिटर नाही, हिटर बॅटरी बघता बघता खाऊन टाकतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो तो आणून ठेवा. थंडीची रात्र असेल तर टँकला तिन्ही बाजूंनी घोंगडं गुंडाळा, एवढं पाणी सावकाश थंड होतं, तीन-चार तास सहज निघतात. लाईट गेलेली असताना खायला घालायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा. दुपारी खोली तापली की टँक ३२ पर्यंत जातो. डिस्कस ३२ सोसतो, पण पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी, म्हणून त्या दिवसांत एअर स्टोन जादा लावा, टँकचं झाकण उघडं ठेवा, टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. बर्फाच्या पिशव्या टाकू नका.

पुराचं नियोजन आपल्याला करावंच लागतं. २०१९ आणि २०२१ ला उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचा नळ कितीतरी दिवस बंद राहिला, चहूकडं पाणी आणि घरात पाणी नाही अशी गत. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत चला. ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली की ड्रम भरा, असतील तेवढे रिकामे कॅन भरा, आणि माशांचं खाणं निम्म्यावर आणा. ४३ फुटांची धोका पातळी गाठली आणि नळ बंद झाला तर खाणं दोन दिवसाआड, पाणी १०-१५ टक्केच बदला, म्हणजे एक ड्रम आठवडाभर जातो. धडधाकट मोठा डिस्कस चार-पाच दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही, अमोनियात एक दिवस राहिला तर होतं. पूर ओसरल्यावर पहिले काही दिवस येणारं पाणी गढूळ आणि क्लोरीन मारलेलं असतं, ते दोन दिवस ड्रममध्ये बसू द्या, वरचं निवळ तेवढंच घ्या.

आजारी वाटला तर

मासा काळा पडला, तोंड फिरवून बसला, खाणं तोंडात घेऊन थुंकला, की पहिल्यांदा औषध नाही, पहिल्यांदा किट. दहातले आठ वेळा पाण्यातच काहीतरी सापडतं, ५० टक्के पाणी बदललं की संध्याकाळी मासा परत जागेवर.

पाणी चांगलं असून पांढरी, दोऱ्यासारखी, लोंबणारी विष्ठा दिसत असेल, खाणं बंद असेल, तर ते आतड्यातले परजीवी, हेक्सामिटा-स्पायरोन्युक्लिअस म्हणतात ते. त्याला मेट्रोनिडाझोल चालतं, साधारण ४० लिटर पाण्याला २५० मिलिग्रॅम, रोज पाणी बदलून परत तेवढंच, पाच-सात दिवस, तापमान ३२ आणि हवा जोरात. मासा खात असेल तर खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं. हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. एका बाजूचा कल्ला मिटलेला, दुसऱ्यानंच धापा टाकतोय, अंग काचेला घासतोय, अशी लक्षणं गिल फ्लूकची, म्हणजे कल्ल्यांतल्या बारीक कृमींची, त्याला प्राझिक्वांटेल, लिटरला २ मिलिग्रॅम. उगंच दिसलं ते अँटिबायोटिक ओतू नका, मासा राहिला बाजूला, फिल्टरचे बॅक्टेरिया मरतात आणि मग अमोनिया चढतो.

जोडी जमली की

वर्ष-सव्वा वर्षाचे झाले की सहामधले दोन बाकीच्यांना एका कोपऱ्यातून हुसकायला लागतात, एकमेकांसमोर मान तुकवतात, काच नाहीतर हिटर तोंडानं साफ करतात. ही जोडी. नर-मादी बघून ओळखणं अवघड, अंडी घालताना जी रुंद नळी दिसते ती मादी एवढंच खात्रीचं. दोन्ही माद्या निघाल्या तरी अंडी घालतात बरं का, ती पांढरी पडतात आणि आपण पाण्याला दोष देत बसतो.

जोडीला दीड-दीड फुटाचा वेगळा टँक द्या, साधारण १०० लिटर पाणी मावेल असा, त्यात जुना स्पंज फिल्टर आणि अंडी घालायला मातीचा कोन. कोन मागवायची गरज नाही, गंगावेशीतल्या किंवा बापट कॅम्पच्या कुंभाराकडं जाऊन उंच निमुळती, रंग न लावलेली, नीट भाजलेली कुंडी घ्या आणि पालथी घाला. दोन दिवस पाण्यात भिजवून मगच टँकमध्ये. आरओचं पाणी खरं इथं कामाला येतं, कारण कडक पाण्यात अंडी फळत नाहीत. टीडीएस १०० च्या आसपास आणि पीएच ६.५ च्या जवळ असेल तर बरं, पण खाली न्यायचं ते पंधरा दिवसांत हळूहळू.

अंडी शंभर-दोनशे असतात. अडीच दिवसांत फुटतात, पिल्लं कोनालाच चिकटून शेपटी हलवतात, आणि आणखी दोन-तीन दिवसांनी सुटून पोहायला लागतात. पुढचा भाग असा की तो बघण्यासाठीच माणूस एवढा खटाटोप करतंय. पिल्लं आई-बापाच्या अंगाला जाऊन चिकटतात आणि त्यांच्या कातडीवर तयार होणारा चिकट स्राव खातात, एक कंटाळला की अंग झटकतो आणि सगळा घोळका दुसऱ्याच्या अंगावर. पहिले काही दिवस दुसरं काही दिलं तरी त्यांना जमत नाही. रात्री एक मंद दिवा चालू ठेवा, अंधारात पिल्लांना आई सापडत नाही. टँकमधलं पाणी आठ-नऊ इंचांवर आणा, स्पंजचा प्रवाह एकदम मंद.

नवी जोडी पहिल्या एक-दोन वेळेला अंडी खाऊन टाकते. खाऊ देत. टँकमध्ये डोकावून बघणारी माणसं कमी करा, त्या दोघांना चौथ्या-पाचव्या खेपेला आपोआप कळतं.

पोहायला लागल्यापासून चार-पाच दिवसांनी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची, ताजी पिल्लं द्यायला सुरुवात. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, जोरात हवा, २८ डिग्री, आणि २४ ते ३६ तासांत केशरी ढग दिसतो. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर येतात, पिल्लं खाली बसतात, खालून बारीक पाइपनं फडक्यावर ओढून, गोड्या पाण्यानं धुऊन मग टँकमध्ये. डिस्कसच्या पिल्लांची पोटं केशरी दिसली म्हणजे खाल्लं. दिवसातून चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी खाली पडलेलं काढायचं, पाणी त्याच तापमानाचं, बारीक नळीनं, थेंबाथेंबानं.

दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं आर्टेमियावर टिकतायत असं दिसलं की त्यांना वेगळं करा, कारण तोवर आई-बापाच्या अंगावर ओरखडे पडलेले असतात. जोडीचा कोन काढून घ्या आणि महिनाभर त्यांना परत मोठ्या टँकमध्ये नीट खाऊ-पिऊ द्या, नाहीतर आठवड्याभरात नवी अंडी घालून बसतात. पिल्लांच्या टँकला मात्र आता रोज दोन वेळा पाणी लागणार, तेव्हा दुसरा ड्रम आणायची तयारी ठेवा.